जुना तोकोनामे रांजण, केसाएवढा तडा आणि दहा किलो उमे

आम्ही जपानच्या आइची प्रांतात, चिता द्वीपकल्पावरच्या हांदा गावात राहतो. तोकोनामे इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. जपानमध्ये ज्या सहा ठिकाणी मध्ययुगापासून भट्ट्या पेटत आल्या, त्यांतलं हे एक. बाकीची पाच म्हणजे सेतो, शिगाराकी, बिझेन, तांबा आणि एचिझेन. तोकोनामेचं नाव साठवणीच्या मोठ्या भांड्यांसाठी. या भांड्याला जपानीत ‘कामे’ म्हणतात, पण मराठीत ते भलतंच वाचलं जातं, म्हणून मी रांजण लिहिते. या वर्षी उमेबोशी, म्हणजे खारवून उन्हात वाळवलेली उमेची (जर्दाळूच्या जातकुळीतली, फार आंबट) फळं, जुन्या रांजणात घालायची ठरवली. कुणाला असं जुनं भांडं पुन्हा वापरात आणायचं असेल तर या नोंदी उपयोगी पडतील.

६ एप्रिल

जुन्या सामानाच्या दुकानात रांजण मिळाला. एक ‘तो’ मापाचा, म्हणजे १८ लिटर. (१० ‘शो’चा एक ‘तो’, आणि शो म्हणजे १.८ लिटर. दुकानांत अजून हीच मापं चालतात.) बाहेरून लालसर तपकिरी, खांद्यावरून झिलईचे दोन ओघळ उतरलेले. आतून हात फिरवला की दोन आडवे उंचवटे लागतात. झाकण नाही. किंमत २,५०० येन.

शेजारी एक हिरव्यागार झिलईचा रांजण होता, दिसायला कितीतरी देखणा. तो सोडला. कमी आचेवर भाजलेल्या चकचकीत झिलईत शिसं असू शकतं आणि आंबट-खारट पदार्थ ते बाहेर ओढतो. अशा झिलईच्या जुन्या भांड्याचा इतिहास माहीत नसेल तर त्यात फक्त सुकं धान्य ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. आपला रांजण कडक भाजलेला आहे, तळाला जिथे झिलई नाही तिथे नखाने खरवडलं तर काहीच निघत नाही.

माठ घेताना वाजवून बघतात तसा हाही चारी बाजूंनी वाजवला. आवाज खणखणीत आला. निदान दुकानात तरी.

७ एप्रिल

आत जुन्या कोंड्याचा वास होता. आधीच्या घरी यात तांदळाच्या कोंड्यातलं लोणचं घालत असावेत. भांड्यांचा साबण वापरला नाही, कारण बिनझिलईच्या तळात तो मुरतो. खायचा सोडा आणि काथ्याने दोनदा घासला.

मग चूक केली. निर्जंतुक व्हावा म्हणून उकळतं पाणी थेट आत ओतलं. रांजण अंगणातल्या थंड फरशीवर होता, सकाळचं तापमान ९ अंश. दुसरी किटली ओतताना ‘टक्’ असा एकच आवाज आला. बाहेरून काही दिसलं नाही, म्हणून मी तो आवाज मनाआड केला. तसं करायला नको होतं. जाड मातीचं भांडं आतून एकदम तापतं आणि बाहेरून गारच राहतं, तेव्हा ताण कुठेतरी सुटतोच. १८ लिटरच्या रांजणाला उकळत्या पाण्याची गरजही नसते. धुवून, कडक उन्हात वाळवून, ३५ टक्के अल्कोहोलच्या पांढऱ्या शोचूने (जपानी दारूने) आतून पुसला की पुरतं.

८ ते १० एप्रिल

काठापर्यंत साधं पाणी भरून दोन रात्री ठेवला. खाली वर्तमानपत्र घातलं होतं. कागद कोरडा. मी खूश झाले आणि झाकणाची मापं घेतली.

१४ एप्रिल

शेजारच्या आजींनी विचारलं, “मिठाचं पाणी भरून पाहिलंस का?” त्यांच्याकडे सासूच्या वेळचा मिसोचा (आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचा) रांजण आहे. साधं पाणी केसाएवढ्या फटीतून आलं तरी बाहेर पोचताच सुकून जातं, मागे काही उरत नाही. मिठाचं पाणी पाझरलं तर मागे पांढरी खूण ठेवतं. म्हणून १६ लिटर पाण्यात १.६ किलो स्वस्तातलं मीठ विरघळवून भरलं.

१८ एप्रिल

चौथ्या दिवशी खूण उमटली. तळापासून साधारण १० सेंटीमीटरवर आडवी, ११ सेंटीमीटर लांब, खडूने ओढावी तशी पांढरी रेघ. बोटाने पुसली, संध्याकाळी परत आली. आता वाजवून पाहिलं तर त्या बाजूला आवाज बद्द येतो. दुकानात हा तडा होता की ७ तारखेच्या ‘टक्’ने पडला, हे सांगता येणार नाही. मी माझ्याच माथी घेते.

१९ ते २७ एप्रिल: नऊ दिवस वाया

मातीच्या शिजवायच्या भांड्याला, दोनाबेला, वापरण्याआधी भाताची पेज उकळून थंड होईपर्यंत ठेवतात. पेजेचा स्टार्च मातीची छिद्रं बुजवतो. तोच उपाय इथे केला. कोमट पेज तड्याच्या वरपर्यंत भरून दोन दिवस ठेवली, सुकवलं, पुन्हा एकदा केलं. मग मिठाचं पाणी. तिसऱ्या दिवशी तीच रेघ. वर तड्यातून आंबूस वासही यायला लागला.

दोनाबे दर वेळी चुलीवर चढतो, त्यातला स्टार्च शिजतो आणि सुकतो. लोणच्याचा रांजण महिनोन्महिने ओला. छिद्रांसाठीचा उपाय तड्याला लागू पडत नाही आणि ओल्या भांड्यात तो अन्न सडवायची सोय करतो. हा उपाय करू नका.

२९ एप्रिल, शोवा दिनाची सुट्टी

तोकोनामेला गेलो. पायवाटेने फिरताना दोकानझाका नावाची चढण लागते. चढाच्या एका बाजूच्या भिंतीत मेइजी काळातले (१८६८ ते १९१२) मातीचे पाइप, दुसऱ्या बाजूला शोवा काळाच्या सुरुवातीच्या (१९२६ नंतरच्या) शोचूच्या बाटल्या रचलेल्या. पुढे १८८७ साली बांधलेली चढणीची भट्टी आहे. आठ दालनं, दहा धुरांडी. १९७४ पर्यंत ती पेटत होती.

रांजणाच्या आतले उंचवटे मला तिथे कळले. मोठी भांडी चाकावर ओढत नाहीत. दंडाएवढी जाड मातीची वळकटी खांद्यावर घेऊन कारागीर भांड्याभोवती उलट्या पावलांनी फिरतो आणि वळकटी दाबत दाबत भिंत चढवतो. या पद्धतीला योरिको-झुकुरी म्हणतात. एक टप्पा झाला की तो थोडा घट्ट होऊ देतात, मग त्यावर पुढचा. म्हणजे माझा तडा दोन टप्प्यांच्या सांध्यावर गेला आहे. इतका सरळ आडवा का, याचं उत्तर मिळालं. बाराव्या शतकातही इथे असेच रांजण घडायचे आणि जहाजांतून उत्तरेला पार हिराइझुमीपर्यंत पोचायचे.

एका भट्टीवाल्या काकांना मोबाइलवर तड्याचा फोटो दाखवला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. उरुशी (एका झाडाचा चीक) भरा, आणि त्याआधी तड्यातलं मीठ काढा. दुसरी गोष्ट मला स्वतःहून कधीच सुचली नसती. दोन वेळा मिठाचं पाणी भरून मी तडा मिठाने गच्च केला होता. त्यावर लावलेलं काहीही धरलं नसतं.

तिथल्या दुकानात नवे ‘किरिताते’ही पाहिले. सरळ उभ्या भिंतीचे, झाकणासकट, मिसो-लोणच्यासाठीच केलेले. ३ शोचा (५.४ लिटर) एक घेतला, ३,९०० येन. जुना वेळेत झाला नाही तर हाताशी काहीतरी हवं.

३० एप्रिल ते १२ मे

रोज साधं पाणी भरायचं, रोज ओतायचं. सात दिवस. सातव्या दिवशीचं पाणी चाखून पाहिलं, खारट लागलं नाही. मग पाच दिवस ऊन-वारा. रिकाम्या रांजणाचं वजन ११ किलो. हे उचलणं-ठेवणं एकटीने करू नका, माझी कंबर दोन दिवस धरली होती.

१३ मे: उरुशीचा पहिला हात

उरुशी म्हणजे उरुशीच्या झाडाचा चीक. सुकल्यावर आंबट, खारट कशालाच दाद देत नाही, म्हणून लोणच्याच्या भांड्याला चालतो. कच्च्या उरुशीची ५० ग्रॅमची ट्यूब १,९०० येन, टर्पेंटाइन ६०० येन.

केसाएवढ्या तड्यात चीक आत ओढला जायला हवा, आणि त्यासाठी भांडं तापलेलं हवं. लहान वाटी असती तर ओव्हनमध्ये घातली असती. हा रांजण सकाळी दहापासून उन्हात ठेवला, मग तड्याच्या भागावर वीस मिनिटं हेअर ड्रायर. टर्पेंटाइनने पातळ केलेला उरुशी आतून ब्रशने लावला, शोषला गेला की पुन्हा. पाचव्या वेळी बाहेरच्या बाजूला बारीक तपकिरी रेघ दिसली. उरुशी आरपार गेला होता. वरचा उरलेला चीक लगेच पुसून काढला.

१५ मे

हातमोजे होते, पण मोजा आणि बाही यांच्यामधलं मनगट उघडं राहिलं. तिथे बिब्बा उतावा तसं उतलंय. लाल, फोड, रात्रभर खाज. उरुशी, बिब्बा, काजू आणि आंबा ही एकाच कुळातली झाडं आहेत. लहानपणी राजापूरला आंब्याच्या चिकाने माझे ओठ सुजायचे, त्यावरून मी सावध व्हायला हवं होतं. ज्यांना आंब्याचा चीक बाधतो त्यांनी उरुशीला हात लावण्याआधी दहादा विचार करावा आणि पूर्ण बाह्या घालून बाहीवर मोजा चढवून चिकटपट्टी लावावी. डॉक्टरांनी मलम दिलं, बरं व्हायला बारा दिवस लागले.

२० मे

सात दिवस झाले तरी तडा चिकट. कारण खोलीतली हवा कोरडी, आर्द्रता ४५ टक्के. उरुशी उन्हाने किंवा वाऱ्याने सुकत नाही, तो दमट हवेतच घट्ट होतो. साधारण २० ते ३० अंश तापमान आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रता हवी. लोक ओले फडके घातलेल्या पेटीत वस्तू ठेवतात. एवढी पेटी माझ्याकडे नाही, म्हणून रांजण न्हाणीघरात नेला. फरशी ओली ठेवली, पंखा बंद, दार बंद, आर्द्रतामापक आत. ७८ टक्के.

आंघोळीच्या वेळी रांजण बाहेर, नंतर परत आत. घरातल्यांनी हे तीन आठवडे सहन केलं, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

२४ मे ते ५ जून

न्हाणीघरात दोन दिवसांत चिकटपणा गेला. त्यानंतर पातळ उरुशीचे आणखी दोन हात. मग आतल्या बाजूने तड्यावर बारीक खाच घासून लांबी (पुट्टी) भरली. तोनोको नावाची दगडाची बारीक पूड (४५० येन) पाण्यात मळून त्यात जवळजवळ तितकाच उरुशी. याला साबी-उरुशी म्हणतात.

इथेही घाई नडली. पहिला थर दोन मिलिमीटर जाड दिला. वरून घट्ट झाला, सुरकुत्या पडल्या, आत मात्र ओलाच. २९ मे रोजी सगळा खरवडून काढला आणि नंतर कागदासारखे पातळ तीन थर दिले, प्रत्येकामध्ये दोन दिवस. शेवटी पाण्यासोबत ४०० नंबरचा पॉलिश पेपर आणि वरून पुसून एक हात. सोनं लावलं नाही. आतली बाजू कोण बघणार, आणि बाहेरची तपकिरी रेघ मला आहे तशीच आवडते.

१२ जून

पुन्हा मिठाचं पाणी. नवव्या दिवशी कळेल असं धरलंय. उरुशी नीट पक्का व्हायला आणखी काही आठवडे दिले तर बरं, पण उमे कुणासाठी थांबत नाही. बाजारात पिवळी फळं आली आहेत.

२१ जून

नऊ दिवस पूर्ण. रेघ नाही. वास घेतला, उरुशीचा वास अगदी मंद. व्हिनेगरच्या पाण्याने दोनदा धुतला, वाळवला, शोचूने पुसला.

आज १० किलो उमे आणलं, ६,५०० येन. पूर्ण पिकलेलं, घरभर जर्दाळूसारखा वास. देठाकडची काळी टोकं काड्यांनी काढायला तीन तास लागले. फळ टोचलं गेलं की तिथून बुरशी धरते, त्यामुळे हे काम रेंगाळतच करावं लागतं.

सगळं एकाच भांड्यावर सोपवायचं धाडस झालं नाही. ७ किलो जुन्या रांजणात, मीठ १८ टक्के, म्हणजे १,२६० ग्रॅम. ७ किलो एवढ्यासाठी की खार तड्याच्या वर चढायला हवा, नाहीतर दुरुस्तीची परीक्षाच होत नाही. ३ किलो नव्या किरितातेत. कमी खारट खावं म्हणून त्यात मीठ १२ टक्केच घातलं, ३६० ग्रॅम. आजी म्हणाल्या, “मीठ कमी करू नकोस.” मी ऐकलं नाही.

रांजण आधी जागेवर ठेवला, मगच भरला. दोन लाकडी पट्ट्यांवर, तळाखाली हवा खेळेल असा, खाली वर्तमानपत्र. भरल्यावर दाबासकट तो हलवता येणार नाही इतका जड होईल. फळांवर लाकडी थाळी, तिच्यावर दाब म्हणून पाण्याच्या बाटल्या दुहेरी पिशवीत. धातूचं काहीही नाही, उमेचा खार धातू खातो.

झाकण सुतारकामाच्या दुकानातून सुगीच्या (जपानी देवदाराच्या) लाकडाचं करून घेतलं, २,८०० येन. झाकणाखाली आईसारखा दादरा बांधला, धुतलेल्या मलमलीचा. आजींना तो फार पसंत पडला. त्या कागद बांधतात.

२५ जून

रांजणात खार फळांच्या वर आला. दाब निम्मा केला. किरितातेत खार निम्म्यावरच.

३० जून

किरितातेत खाराबाहेर राहिलेल्या चार फळांवर पांढरे गोल ठिपके, कापसासारखे. बुरशी. भांडं नवं, धड, झिलई उत्तम, आणि तरीही बुरशी. मीठ कमी, म्हणून खार उशिरा सुटला आणि वरची फळं नऊ दिवस उघडी राहिली. ती चार फळं आणि त्यांच्याभोवतालची सहा टाकली. खार गाळून उकळला आणि थंड केला. बाकीची फळं शोचूत बुडवून काढली, भांडं धुवून शोचूने पुसलं. उरलेलं १८० ग्रॅम मीठ घातलं, दाब वाढवला. दोन दिवसांत फळं बुडाली.

दोन महिने मी भांड्याच्या मागे होते. या वर्षी फळं गेली ती मिठामुळे, तड्यामुळे नाही.

६ जुलै

लाल शिसोची १.५ किलो पानं, १,४०० येन. ही वनस्पती तुळशीच्याच कुळातली. मीठ लावून चुरली, जांभळा फेसाळ रस पिळून टाकला, पुन्हा मीठ, पुन्हा पिळली. मग उमेचा थोडा खार घातल्याबरोबर काळपट पाणी लालभडक झालं. माझ्या मुलीने ते पाहून टाळ्या वाजवल्या. दोन्ही भांड्यांत पानं पसरली.

पावसाळा चालू आहे. कागद रोज बघते. कोरडा.

२६ ते २८ जुलै: वाळवण

पावसाळा संपला, सलग तीन दिवस कडक ऊन. फळं बांबूच्या चार रोवळ्यांवर पसरली, दुपारी एकदा उलटायची. पहिल्या रात्री घरात घेतली, पुढच्या दोन रात्री दवात राहू दिली. कातडी मऊ पडते. खाराचं भांडंही उन्हात ठेवलं.

रिकाम्या रांजणाची आतली दुरुस्ती पाच आठवड्यांनी पहिल्यांदा नीट पाहता आली. साबी-उरुशी घट्ट, कुठेही सुटलेली नाही. नखाने दाबून पाहिली, वण पडला नाही. लाल रंग मात्र तिने धरलाय.

१० ऑगस्ट: हिशेब

जुना रांजण २,५००, उरुशी १,९००, टर्पेंटाइन ६००, तोनोको ४५०, हातमोजे ४००, झाकण २,८००, चाचणीचं मीठ साधारण ४४०. एकूण ९,०९० येन, डॉक्टर वेगळे. पैशांसाठी हे करायचं असेल तर करू नका, याच पैशांत चांगल्या मापाचा नवा किरिताते झाकणासकट येतो आणि त्याच संध्याकाळी भरता येतो. माझे अकरा आठवडे गेले, त्यांतले नऊ दिवस पेजेत आणि सात दिवस कोरड्या खोलीत. पुन्हा करायचं झालं तर दुकानातून आणल्याच्या दिवशी मिठाचं पाणी भरीन, आणि तेही फक्त तीनच टक्क्यांचं. खूण तेवढ्यानेही उमटते आणि नंतर मीठ काढायला आठवडा लागत नाही.

तरीही मी जुनाच घेईन. कुणीतरी उलट्या पावलांनी फिरून ही भिंत चढवली आहे, आणि ती अजून कामाला येते.

२२ सप्टेंबर

उमेबोशी परत रांजणात मुरताहेत. कागद कोरडा. पण आज सकाळी तिरप्या उन्हात बाहेरून मसुराएवढा एक पांढरा ठिपका दिसला, दुरुस्तीच्या रेघेच्या डाव्या टोकापासून दोन बोटं पुढे. पुसला. त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल काढून तारीख लिहिली आहे.